चांदी घासू नका, उजळा

डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आज्या-पणज्यांना सांगितले की, कोपरापर्यंत चढवलेले चांदीचे, कथलाचे गोट-पाटल्या ही अस्पृश्य म्हणून ओळखू येण्याची खूण आहे, ती टाकून द्या. त्यानंतर कित्येक घरांतून हे ओझे उतरले. आज आपल्याकडे चांदी असते ती थोडकी. पायात पैंजण, जोडवी, बाळाचे वाळे, नाहीतर पेटीच्या तळाशी आजीचा एखादा तोडा. पण अडीअडचणीला, पोराच्या फीला, दवाखान्याला हीच चांदी सराफाच्या तराजूत जाते. तिथे लखलखाट बघत नाहीत, वजन बघतात. म्हणून दागिना साफ करताना वजन घटू नये, ही पहिली काळजी.

भगिनींनो, बाळाचे वाळे काळे पडले की शेजारची मावशी दृष्ट काढायला सांगते. सुनेची जोडवी काळी पडली की ‘अंगात उष्णता फार’ असे निदान होते. दृष्टीचा इथे काही संबंध नाही आणि उष्णतेचाही नाही. चांदीचे वाकडे आहे ते गंधकाशी. हवेतला गंधकाचा अंश, चुलीचा आणि कोळशाचा धूर, गटारीचा वायू, अंड्याचा बलक यांच्याशी चांदीचा संयोग होतो आणि वर काळा थर धरतो. कांद्यातही गंधक असतो. तेव्हा घोडेगाव किंवा नेप्तीच्या बाजारात दिवसभर कांदा निवडणाऱ्या बाईची अंगठी काळवंडली तर नवल नाही. साखर कारखान्याच्या मळीच्या पाण्याला जो कुजक्या अंड्याचा वास येतो, तोही याच गंधकाच्या वायूचा. आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे 2024 पासूनच्या अहिल्यानगरात, कारखान्यांना काय तोटा!

आता ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की, तो काळा थर म्हणजे नुसता मळ नव्हे. त्यात आपलीच चांदी अडकलेली असते. राखेने, विटेच्या भुकटीने किंवा टूथपेस्टने खसाखसा घासले की थराबरोबर चांदीही मोरीत जाते, वर ओरखडे पडतात ते वेगळेच.

त्यापेक्षा एक सोपा उपाय करा. स्वयंपाकातून बाद झालेले जुने जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे पातेले घ्या. ते नसेल तर काचेच्या भांड्यात ॲल्युमिनियमचा कागद अंथरा, चकचकीत बाजू वर. एक लिटर कढत पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा आणि एक चमचा मीठ टाका. दागिने त्यात असे बुडवा की ते ॲल्युमिनियमला टेकले पाहिजेत, न टेकले तर काम होत नाही. पाच-दहा मिनिटांत थोडा अंड्यासारखा वास येईल. घाबरू नका, पण खिडकी उघडी ठेवा. चांदीला चिकटलेला गंधक ॲल्युमिनियम ओढून घेते आणि चांदी जागच्या जागी राहते. मग स्वच्छ पाण्याने धुऊन जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्याने कोरडे करा. थर जाड असेल तर दुसऱ्यांदा करा. ते पातेले पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका.

मात्र खडे, मोती, मीनाकाम, सोन्याचा मुलामा किंवा आत लाख भरलेला पोकळ गोट यांना हे कढत पाणी चालत नाही. कढत पाण्याने लाख पाघळते. नक्षीत मुद्दाम काळपटपणा ठेवलेला दागिनाही त्यात घालू नका, नक्षी मरून जाईल. अशांना कोमट पाण्यातला रिठ्याचा फेस आणि लहान मुलाचा मऊ ब्रश पुरे.

दुपारी पुरुष माणसे कामावर गेली की ‘पॉलिश करून देतो’ म्हणत दारात येणाऱ्याला दागिना अजिबात देऊ नका. त्याच्या भांड्यातल्या तेजाबात चांदी विरघळते. पैंजण चकाकून हातात येतात आणि विरघळलेली चांदी त्याच्याबरोबर जाते. नंतर तो ती त्या पाण्यातून वेगळी काढून विकू शकतो. 2025 मध्ये चांदी किलोला लाखाच्या पुढे गेली, म्हणजे दहा ग्रॅम गेली तरी हजाराच्या वर फटका. ओळखीच्या सराफाकडे उजळायला दिले तरी आधी आणि नंतर समोर वजन करून चिठ्ठीवर लिहून घ्या. मागायला लाजू नये, माल आपला आहे.

ठेवताना दागिना पूर्ण कोरडा हवा. प्रत्येक नग सुती फडक्यात वेगळा गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हवा काढून तोंड बंद करा. सोबत खडूचा तुकडा ठेवला तर तो ओल शोषतो. पैंजणांच्या जोडीला रबर लावून ठेवायची सवय पुष्कळ घरांत आहे. रबरातही गंधक असतो, म्हणून दोऱ्याने बांधा. लोकरीच्या कपड्यांतही ठेवू नका. आणि नेहमी पायात असणाऱ्या पैंजणांना तर एवढेही लागत नाही, कारण वापरातली चांदी घासली जाऊन पेटीतल्यापेक्षा उजळ राहते.