गुण हुडकणारी दृष्टि

कन्हानच्या पोरांत कांहीं दम नाहीं, असे उद्गार व्यापारी मंडळींत वरचेवर ऐकूं येतात. आम्हांस हें मान्य नाहीं. जवळच नागपुरांत २००१ सालीं हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनीं भर पावसांत झोपडपट्टींतील मुलें फुटकी बादली लाथाडून खेळतांना पाहिलीं. त्यांनीं उपदेश केला नाहीं, फुटबॉल दिला. त्यांतूनच ‘स्लम सॉकर’ उभी राहिली व तिचे खेळाडू बेघरांच्या विश्वचषकापर्यंत पोंचले. पायांतील ती चपळाई बारसे यांनीं निर्मिली काय? ती बादलीवरहि दिसतच होती! कन्हानच्या भूमींतील कोळसा हुडकण्यास खर्चाचा विचार होत नाहीं. मुलांविषयींच हात आंखडतो. निदान दुकानाच्या पायरीवर मोडका मोबाइल उसकटीत बसलेल्या पोरास हांकून देण्यापूर्वीं, तो काय करीत आहे तें आमच्या व्यापारी बंधूंनीं क्षणभर पाहावें.