कृषी विद्यार्थ्यासाठी लॅपटॉपची निवड

महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे चार कृषी विद्यापीठे आहेत. त्यांपैकी राहुरीचे विद्यापीठ १९६८ साली प्रथम स्थापन झाले. त्या काळी प्रयोगाच्या वाफ्यांची नोंद वहीत ठेवून त्यावरील गणित कागदावर किंवा हिशेबाच्या यंत्रावर करीत असत. आज तेच काम विद्यार्थी संगणकावर करतो. अहवाल लिहिणे, उत्पन्नाच्या आकड्यांची छाननी करणे, जमिनीचे नकाशे तयार करणे, ही सर्व कामे आता अभ्यासाचाच भाग होत. सबब मुलाला अथवा मुलीला विद्यापीठात पाठविताना फी आणि वसतिगृह यांच्या जोडीने लॅपटॉपचा खर्चही शेतकरी कुटुंबापुढे उभा राहतो.

हा खर्च लहान नाही. बैल घेताना दात, खूर आणि चाल पाहणारा शेतकरीही या अपरिचित वस्तूच्या बाबतीत दुकानदाराच्या शब्दावर विसंबतो. त्यामुळे नको त्या गोष्टीवर पैसा जातो आणि हवी ती गोष्ट राहून जाते. कोणत्या अंगावर खर्च करावा आणि कोणत्या अंगावर तो टाळावा, याचा विचार खाली केला आहे.

प्रथम गरज ठरवावी

खरेदीपूर्वी विद्यार्थ्याने आपल्या महाविद्यालयातील शिक्षकांकडे व वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडे चौकशी करावी. कोणते सॉफ्टवेअर वापरावे लागते आणि महाविद्यालयाच्या संगणक कक्षात कोणत्या सोयी आहेत, हे कळल्यावाचून निवड करू नये.

पदवीच्या अभ्यासक्रमातील बहुतेक कामे हलकी असतात. वाफ्यावाफ्यांतील उत्पन्नाचा फरक खरा की योगायोगाचा, हे ठरविणारे गणित काही शेकडा आकड्यांवर चालते व साधा लॅपटॉपही ते क्षणात करतो. नकाशाचे काम मात्र जड असते. उदाहरणार्थ, युरोपीय अवकाश संस्थेने २०१५ पासून सोडलेल्या सेंटिनेल-२ मालिकेतील उपग्रहांची चित्रे विनामूल्य मिळतात. त्यांतील सर्वांत बारीक ठिपका १० मीटर लांब व १० मीटर रुंद असतो, म्हणजे एका ठिपक्यात जवळजवळ एक गुंठा जमीन येते. सुमारे १०० किलोमीटर लांबीरुंदीच्या एका चौकटीची फाईल साधारणतः ६०० ते ८०० एमबीची होते. एका हंगामातील २० तारखांची चित्रे साठविली, तर १२ ते १६ जीबी जागा लागते. अशा कामासाठी रॅम व साठवण या दोन्ही बाबी पुरेशा असाव्या लागतात.

रॅम आणि साठवण

चालू काम ज्या जागेत मांडले जाते ती रॅम, आणि काम संपल्यावर ते जेथे जपून ठेवले जाते ती साठवण. पहिलीला खळे म्हटले, तर दुसरीला कणगी म्हणता येईल. खळे लहान असेल तर मळणी खोळंबते. तद्वत रॅम अपुरी असली की चांगला प्रोसेसरही अडखळतो.

आज ८ जीबी रॅम ही किमान मर्यादा समजावी. नकाशे व उपग्रहचित्रे यांचे काम असल्यास १६ जीबी इष्ट होय. येथे एक गोष्ट अवश्य विचारावी. काही लॅपटॉपांत रॅम मुख्य पट्टीवर कायमची जोडलेली असते व ती पुढे वाढविता येत नाही. काहींत मात्र एक खाच मोकळी असते. ऐपत बेताची असेल, तर ८ जीबी रॅम व मोकळी खाच असलेला लॅपटॉप घेऊन दोन वर्षांनी रॅम वाढविणे शहाणपणाचे ठरते. खाच नसेल, तर आरंभीच १६ जीबी घ्यावी.

साठवणीसाठी एसएसडीच घ्यावी. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क संथ असते व धक्क्याने बिघडण्याचा संभव अधिक असतो. ५१२ जीबी एसएसडी सामान्यतः पुरते.

प्रोसेसर

इंटेलचा आय५ किंवा एएमडीचा रायझन ५ या वर्गातील अलीकडचा प्रोसेसर पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासाला पुरेसा आहे. आय३ किंवा रायझन ३ वरही लेखन व गणित उत्तम चालते. केवळ वर्गाचे नाव पाहून मात्र निर्णय घेऊ नये, त्यापुढील आकडाही वाचावा. आय५-८२५०यू हा आठव्या पिढीचा, तर आय५-१३३५यू हा तेराव्या पिढीचा प्रोसेसर आहे. दोन्ही आय५ असले तरी त्यांच्या कामात मोठे अंतर आहे. इंटेलने २०२३ पासून नव्या प्रोसेसरांच्या नावातील ‘आय’ हे अक्षर गाळण्यास आरंभ केला, हेही ध्यानात असावे.

आकडा मोठा म्हणजे माल नवा, असेही नेहमी घडत नाही. रायझन ५ ७५२०यू हा प्रोसेसर २०२२ साली बाजारात आला, परंतु त्याचा मूळ आराखडा २०१९ सालचा आहे.

स्वतंत्र ग्राफिक्स कार्डासाठी दुकानात पुष्कळ आग्रह होतो. ड्रोनने घेतलेली शेकडो छायाचित्रे जोडून नकाशा करणे किंवा संगणकाला पानावरील रोग ओळखण्यास शिकविणे, अशा कामांत ते उपयोगी पडते. अन्यथा त्याने किंमत, वजन आणि विजेचा खर्च मात्र वाढतो.

पडदा आणि बॅटरी

विद्यार्थी पडद्यासमोर रोज अनेक तास बसतो. त्यामुळे १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा, चकाकी नसलेला आयपीएस पडदा घ्यावा. शेतावर काम असल्यास पडद्याचा उजेड ३०० निट किंवा अधिक असावा. वजन दीड किलोच्या आसपास असेल, तर वसतिगृह, प्रक्षेत्र आणि घर अशी ने-आण सुकर होते.

ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी विद्यार्थ्याला खेड्यात राहावे लागते व तेथे वीज सलग मिळेलच असे नाही. बॅटरीची क्षमता वॉट-तासांत लिहिलेली असते. हलक्या कामास ८ ते १० वॉट वीज लागते असे धरल्यास ५० वॉट-तासांची बॅटरी पाच ते सहा तास पुरते. जाहिरातीतील तासांपेक्षा हा हिशेब अधिक भरवशाचा आहे.

सॉफ्टवेअरचा खर्च

लॅपटॉपसोबत सॉफ्टवेअरही विकत घ्यावे लागते, हा समज सर्वस्वी खरा नाही. संख्याशास्त्रासाठी आर, नकाशांसाठी क्यूजीआयएस आणि लेखनासाठी लिब्रेऑफिस ही तिन्ही विनामूल्य आहेत. ती विंडोज, लिनक्स आणि मॅक अशा तिन्ही प्रणालींवर चालतात. आर्कजीआयएस प्रो हे सॉफ्टवेअर मात्र केवळ विंडोजसाठी आहे. महाविद्यालयात त्याचा वापर होत असेल, तर मॅक घेण्यापूर्वी विचार करावा. फुकट मिळते म्हणून चोरीचे सॉफ्टवेअर घालू नये. त्यासोबत व्हायरस येऊन वर्षभराची प्रयोगाची आकडेवारी नष्ट होऊ शकते.

जुना लॅपटॉप घ्यावा काय?

घेण्यास हरकत नाही, परंतु पारख हवी. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी, थोडे अपवाद वगळता, इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुना लॅपटॉप स्वस्त मिळाला तरी विंडोजकरिता घेऊ नये. लिनक्स शिकण्याची तयारी असेल, तर असा लॅपटॉपही आर आणि लेखन यांसाठी उपयोगी पडतो. बॅटरी किती वेळ टिकते, हे समक्ष चालवून पाहावे आणि बिलाशिवाय व्यवहार करू नये.

पैशाची तरतूद

स्वस्त वस्तू शेवटी स्वस्त पडतेच असे नाही. समजा, ३०,००० रुपयांचा लॅपटॉप दोन वर्षांत अपुरा ठरला, तर वर्षाचा खर्च १५,००० रुपये होतो. ४८,००० रुपयांचा लॅपटॉप पदवीची चार वर्षे चालला, तर तो १२,००० रुपयेच पडतो. याचा अर्थ सर्वांत महाग वस्तू घ्यावी असा नव्हे. चार वर्षे पुरेल तेवढीच घ्यावी.

पीककर्जाची रक्कम या कामी मुळीच वळवू नये. तसे केल्यास ऐन पेरणीला बियाणे व खते यांसाठी सावकाराचे दार गाठावे लागते. बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजनेत, अभ्यासक्रमासाठी आवश्यक असल्यास, संगणकाची वाजवी किंमत धरण्याची सोय असते. तिची चौकशी शाखेत करावी. पहिल्या सत्रात महाविद्यालयाच्या संगणक कक्षावर निभावत असेल, तर सुगी हाती येईपर्यंत खरेदी लांबणीवर टाकण्यात नुकसान नाही.

खरेदी आणि निगा

किमतीत १८ टक्के वस्तू व सेवा कर धरलेला आहे की नाही, हे विचारून पक्के बिल घ्यावे. हमी किती वर्षांची आहे आणि दुरुस्ती केंद्र कोणत्या गावी आहे, हे लिहून घ्यावे. पडून किंवा पाण्याने झालेले नुकसान सामान्य हमीत येत नाही.

लॅपटॉप गादीवर किंवा गोधडीवर ठेवून चालवू नये, कारण हवा जाण्याची छिद्रे बुजून तो तापतो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तो ठेवू नये, उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते. महत्त्वाच्या फाईलींची एक प्रत नेहमी दुसरीकडे, शक्य तर पेनड्राइव्हवर आणि इंटरनेटवरील साठवणीतही, ठेवावी. बिघडलेला लॅपटॉप पुन्हा घेता येतो, परंतु गेलेल्या हंगामातील नोंदी पुन्हा घेता येत नाहीत.

थोडक्यात

१. प्रथम अभ्यासक्रमाची गरज विचारावी, मग दुकानात जावे.
२. १६ जीबी रॅम, अथवा ८ जीबी व वाढविण्याची खाच असावी.
३. ५१२ जीबी एसएसडी घ्यावी.
४. प्रोसेसरचे केवळ नाव नव्हे, तर पूर्ण आकडा वाचावा.
५. गरज नसता ग्राफिक्स कार्डावर खर्च करू नये.
६. पीककर्जाला हात लावू नये.
७. बिल, हमी आणि दुरुस्ती केंद्र यांची खात्री करूनच पैसे द्यावेत.