डीजेचा धंदा सुरू करताय? आधी टेबल घ्या, भिंत नंतर



शेलार असो, कोनगाव असो नाहीतर पडघा, आपल्या भिवंडी तालुक्यात "त्याने डीजे घेतला" असं कुणी म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? टेम्पोवर रचलेले बेस, त्यावर टॉप, बाजूला लाइट आणि मागे धडधडणारा जनरेटर. म्हणजे स्पीकरची भिंत. खरं तर डीजे म्हणजे डिस्क जॉकी, गाणी वाजवणारा माणूस. हा शब्दांचा घोळ साधा वाटतो, पण नवीन मुलांचे पैसे अडकतात ते इथेच. शिकायचं असतं गाणी वाजवायला आणि कर्ज काढलं जातं भिंतीसाठी. कधी कधी त्या कर्जापायी आईचे दागिने गहाण पडतात.

म्हणून आज आपण दोन गोष्टी बघू. डीजेच्या टेबलावर पहिलं मशीन कुठलं घ्यायचं, टर्नटेबल, सीडी प्लेअर की कंट्रोलर? आणि त्याचा हिशोब कसा मांडायचा?

आधी काम बघा, मग मशीन

दुकानात जायच्या आधी कागद-पेन घ्या आणि तुम्हाला कुठली सुपारी मिळू शकते ते लिहा. आपल्याकडे मोठं काम हळदीचं. आगरी लग्नात धवलारणींचे धवले असायचे, मग बेंजो पार्टी आली, आता हळदीला डीजे लागतो. शिवाय वरात, साखरपुडा, वाढदिवस, बारसं, सोसायटीची नवरात्र, गोडाऊनमधली पूजा.

ह्या सगळ्या कामांत तीन गोष्टी सारख्या आहेत. जागा उघडी किंवा मांडवातली. लाइट जनरेटरची किंवा लांबून ओढलेल्या वायरची. आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी येऊन सांगणार, "दादा, ते गाणं लाव ना." मशीन ह्या तीन परीक्षांत पास झालं पाहिजे. मुंबईतल्या क्लबमध्ये काय चालतं, ते नंतर.

टर्नटेबल: गुरू चांगला, कामाला अवघड

टर्नटेबल म्हणजे रेकॉर्ड फिरवणारं मशीन. ह्यातलं जगभर गाजलेलं मॉडेल म्हणजे टेक्निक्सचं एसएल-१२००. ते १९७२ मध्ये आलं, २०१० मध्ये बंद झालं आणि मागणीमुळे २०१६ मध्ये परत आलं. ह्यात मोटर थेट तबकडीखाली असते, मध्ये पट्टा नसतो. ह्याला डायरेक्ट ड्राइव्ह म्हणतात. तबकडी हाताने थांबवून सोडली तरी ती लगेच वेग पकडते, म्हणून डीजेला हेच लागतं. पट्ट्यावर चालणारं स्वस्त टर्नटेबल घरी गाणी ऐकायला ठीक आहे, डीजेच्या कामाला घेऊ नका.

टर्नटेबलवर शिकलेल्याचा कान तयार होतो, हे खरंच आहे. स्क्रीन नाही, आकडे नाहीत. दोन गाण्यांचा वेग कानानेच जुळवायचा.

पण आपल्या तीन परीक्षा लावून बघा. सुई रेकॉर्डच्या बारीक खाचेत चालते. जमीन हादरली, कुणी टेबलाला धक्का दिला की सुई उडते. नाचणाऱ्या मांडवात आणि चालत्या टेम्पोवर हे परवडणार नाही. दुसरं, आजची आगरी-कोळी गाणी रेकॉर्डवर मिळणार कुठे? ती निघतात यूट्यूबवर आणि ॲपवर. मुंबईच्या चोर बाजारात जुन्या रेकॉर्ड मिळतात, पण त्यावर आजची हळद होत नाही. तिसरं, खर्च एका मशीनवर थांबत नाही. दोन टर्नटेबल, एक मिक्सर, दोन सुया आणि त्या झिजल्या की पुन्हा नवीन.

कुणाकडून जुनं टर्नटेबल मिळालंच, तर एक लक्षात ठेवा. त्याचा सिग्नल फार कमजोर असतो. तो मिक्सरच्या 'फोनो' लिहिलेल्या सॉकेटमध्ये जातो, 'लाइन'मध्ये नाही. लाइनमध्ये लावलं तर आवाज बारीक आणि पोकळ येतो आणि मशीनच खराब आहे असं वाटतं.

सीडी प्लेअर: नाव राहिलं, सीडी गेली

पायोनियरने १९९४ मध्ये सीडीजे-५०० आणला आणि २००१ मध्ये सीडीजे-१०००. ह्या दुसऱ्या मॉडेलमुळे सीडीसुद्धा रेकॉर्डसारखी हाताने पुढे-मागे करता येऊ लागली आणि क्लबमधले टर्नटेबल हळूहळू बाजूला झाले. पण पुढची गंमत बघा. २०२० मध्ये आलेल्या सीडीजे-३००० मध्ये सीडी घालायची जागाच नाही! नावात सीडी आहे, गाणी येतात पेन ड्राइव्हवरून. ज्या कंपनीने डीजेच्या हातात सीडी दिली, तिनेच ती काढून घेतली. "टर्नटेबल की सीडी?" ह्या जुन्या प्रश्नाचं उत्तर बाजारानेच देऊन टाकलंय.

तरीही जुने सीडी प्लेअर सेकंडहॅण्ड स्वस्तात दिसतात. घ्यायचे का? एका ऑडिओ सीडीवर साधारण ८० मिनिटांची गाणी मावतात. म्हणजे फर्माइशी पुऱ्या करायला सीडींची पेटी वागवायची. आत लेझरची लेन्स असते, तिला धूळ चालत नाही. आणि आपल्या भिवंडीत लूमच्या कापसाचा भुगा कुठे नसतो? लेन्स कमजोर झाली की सीडी अडकते, तीही नेमकी नवरा मांडवात येताना.

एकच अपवाद. जुन्या प्लेअरला चालू यूएसबी पोर्ट असेल, किंमत खरंच कमी असेल आणि दुरुस्त करणारा माणूस जवळ असेल तर विचार करा. पेन ड्राइव्ह फॅट३२ फॉरमॅटमध्ये ठेवा. एनटीएफएस फॉरमॅट असे बरेच प्लेअर वाचतच नाहीत.

कंट्रोलर: पहिल्या दोन वर्षांचा सोबती

कंट्रोलर म्हणजे दोन चकत्या आणि मधला मिक्सर एकाच पाटीवर. तो लॅपटॉपला जोडायचा आणि रेकॉर्डबॉक्स, सेराटो किंवा व्हर्च्युअल डीजेसारखं सॉफ्टवेअर वापरायचं. हजारो गाणी एका जागी, नाव टाइप केलं की फर्माइश हजर. सुई नाही, लेन्स नाही. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

घेताना एवढं तपासा:

- आत साउंड कार्ड हवं. स्पीकरला एक गाणं जात असताना हेडफोनमध्ये पुढचं ऐकता आलं पाहिजे. हे नसेल तर ते खेळणं आहे.
- सोबत कुठलं सॉफ्टवेअर पूर्ण चालू होऊन मिळतं आणि कशाचे पैसे वेगळे, हे दुकानदाराला आधी विचारा.
- मागची सॉकेट बघा. छोट्या कंट्रोलरला बहुतेक आरसीए असतात. लांब केबल टाकायची असेल तर एक्सएलआर बरं, घरघर कमी येते.
- सेकंडहॅण्ड असेल तर प्रत्येक फेडर वर-खाली करून बघा. खरखर आली की भाव पाडा नाहीतर सोडा. बिल आणि सिरियल नंबर घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

लॅपटॉप हा कमजोर दुवा. कामाच्या दिवशी वायफाय बंद, अपडेट बंद, बॅटरी फुल्ल. जनरेटर बंद पडला तरी लॅपटॉप जिवंत राहतो. घरघर येते म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका, ओल्या मांडवात ते जिवावर बेतू शकतं. आणि मोबाइलमध्ये तासाभराचा तयार मिक्स व जोडायची वायर खिशात ठेवाच.

सिंक बटणावर विसंबू नका

कंट्रोलरवर 'सिंक' बटण असतं. दाबलं की दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळतो. आजच्या कॉम्प्युटरवर बनवलेल्या गाण्यांना ते चालतं. पण जुनी कोळीगीतं, लोकगीतं माणसांनी ढोलकीवर वाजवली आहेत. त्यांचा वेग मध्येच थोडा वाढतो, थोडा उतरतो. तिथे सॉफ्टवेअर चुकतं. शिवाय चार मात्रांच्या ठेक्यावर सहा मात्रांचा ठेका चढवला तर वेग जुळूनही नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात.

म्हणून रोज पाऊण तास सिंक बंद करून हेडफोनवर सराव करा. शेजाऱ्यांना त्रास नाही, खर्च शून्य. टर्नटेबल जे शिकवतं, ते असं फुकटात शिकता येतं.

भिंत भाड्याने घ्या

आता मोठ्या खर्चाकडे येऊ. "५०० वॉटचा १००० केला की आवाज डबल" असं वाटतं ना? तसं होत नाही. पॉवर दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे पॉवर दहापट. पैसे दुप्पट गेले तरी पाहुण्यांना फरक जेमतेम कळतो.

आता हिशोब मांडू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे टाका.

समजा, पूर्ण साउंडसाठी ५ लाखांचं कर्ज, १२ टक्के व्याज, तीन वर्षं. हप्ता १६,६०७ रुपये. वर्षाला साधारण १ लाख ९९ हजार. दुसरीकडे कंट्रोलर, जुना लॅपटॉप, हेडफोन, केबल मिळून ७० हजार, आणि साउंड प्रत्येक कामाला भाड्याने.

टेम्पो, मदतनीस, भाडं जाऊन स्वतःच्या साउंडवर एका कामाला ६ हजार सुटतात आणि भाड्याच्या साउंडवर ३ हजार, असं धरू.

वर्षात ४० कामं मिळाली तर मोठ्या सेटअपला २ लाख ४० हजार येतात, हप्ते जाऊन उरतात ४१ हजार. छोट्याला १ लाख २० हजार येतात, सामानाचे पैसे वसूल होऊन उरतात ५० हजार.

कामं ३० वर आली तर? मोठा सेटअप १९ हजारांनी तोट्यात. छोटा २० हजारांनी फायद्यात.

मोठा सेटअप तीन वर्षांनी तुमच्या मालकीचा होतो, हे मान्य. पण तोवर टिकायचं कसं? लग्नाचे मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि आषाढीनंतर चातुर्मास लागतो. काम थांबतं, हप्ता थांबत नाही.

कर्ज घ्यायचंच असेल तर मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत मिळतं, पहिल्या टेबलाला त्याचा मोठा हातभार लागेल. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका.

कायदा हा धंद्याचाच भाग

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सरकार ठरावीक सणांना रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, तीही वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस. तुमच्या हळदीला ती सूट आपोआप मिळत नाही. राहत्या वस्तीत मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकतं.

आपल्या ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये हे नियम कडक पाळायला सांगितले. २०१८ मध्ये गणेश विसर्जनासाठी डीजे आणि डॉल्बीला परवानगी द्यायलाही न्यायालयाने नकार दिला. ज्याची सगळी कमाई भिंतीच्या आवाजावर आहे, त्याच्या धंद्यावर ही टांगती तलवार आहे. सामान जप्त झालं तरी हप्ता भरावाच लागतो. ज्याची कमाई गाणी निवडण्यावर आणि जुळवण्यावर आहे, तो कमी आवाजातही काम करतो.

गिऱ्हाइकाला इसार घेतानाच सांगा, "काका, साउंड दहाला बंद होणार, परवानगी तुमच्या नावाने काढू." आणि कागदावर लिहा. हळद सातला सुरू करा म्हणावं, तीन तास मनसोक्त वाजवू.

गाण्यांच्या हक्काचंही बघा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लग्नाच्या विधींना, वरातीला आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांना सूट आहे. हॉटेलमधली तिकिटाची पार्टी त्यात बसत नाही, तिथे पीपीएल, आयपीआरएस यांचं लायसन्स लागतं. ते कोण काढणार, हे आधी ठरवा.

ह्या आठवड्याचं काम

१. तुमच्या दहा किलोमीटरच्या आत भाड्याने साउंड देणारे तीन जण शोधा, त्यांचे दर लिहून आणा.
२. एखाद्या चांगल्या डीजेसोबत दोन हळदींना मदतनीस म्हणून जा. वायरी उचला, पण कान त्याच्या हेडफोनकडे ठेवा.
३. वर्षात नक्की मिळतील अशी कामं मोजा. आलेल्या आकड्यातून पाव भाग कमी करा आणि मग वरचा हिशोब पुन्हा मांडा.

पाव भाग कमी करूनही आकडा फायद्यात आला, तर कंट्रोलर बघायला जा. नाही आला, तर अजून एक सीझन मदतनीस राहा. त्यात शिकायला मिळतं, ओळखी होतात आणि रोज घरी पैसे येतात.

भेटू पुढच्या भागात. धंदा करा, पण हिशोबाने करा!