सिसिलीचे बोलके दगड

भिंतीवरच्या नकाशात इटली हा देश शोधा. तो सापडणे सोपे आहे, कारण त्याचा आकार उंच बुटासारखा आहे. या बुटाच्या टोकासमोर तीन कोपऱ्यांचे एक मोठे बेट दिसेल. ते सिसिली. मराठी भूगोलात ज्याला ‘भूमध्य समुद्र’ म्हणतात, त्यालाच उर्दूत ‘बहीरा-ए-रूम’ म्हणतात. सिसिली हे त्या समुद्रातील सर्वांत मोठे बेट असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे २५,७०० चौरस किलोमीटर आहे. अरबी व उर्दू पुस्तकांत या बेटाचे नाव ‘सिकलिया’ असे येते. डॉ. इक्बाल यांच्या ‘बांग-ए-दरा’ या संग्रहात याच नावाची एक नज्म आहे. ती उर्दूच्या तासाला अवश्य वाचा. या पाठात मात्र आपल्याला दगडांकडे पाहायचे आहे.

हे बेट समुद्राच्या अगदी मध्यावर आहे. त्यामुळे पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारी जहाजे येथे थांबत. कोणी व्यापारासाठी आले, कोणी राज्य करण्यासाठी आले. फिनिशियन आले, ग्रीक आले, रोमन आले, अरब आले, नॉर्मन आले. प्रत्येकाने येथे काही मोडले, काही बांधले. ते सगळे आज एकमेकांत मिसळून उभे आहे.

पालेर्मो ही सिसिलीची राजधानी. तेथे झीसा नावाचा जुना राजवाडा आहे. ‘झीसा’ हे नाव अरबी ‘अल-अझीझा’ या शब्दावरून पडले. ‘अझीझ’ म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको. या राजवाड्यातील वस्तुसंग्रहालयात संगमरवराची एक शिळा ठेवलेली आहे. आन्ना नावाच्या एका ख्रिस्ती स्त्रीच्या कबरीचा तो दगड आहे. तिचा मुलगा राजा रॉजर दुसरा याच्या पदरी धर्मगुरू होता. शिळेच्या मध्यभागी रंगीत दगडांच्या तुकड्यांनी बसवलेला क्रूस आहे आणि त्याच्या चारी बाजूंना चार मजकूर कोरलेले आहेत. वरचा मजकूर हिब्रू अक्षरांत, डावीकडचा लॅटिन, उजवीकडचा ग्रीक आणि खालचा अरबी अक्षरांत आहे.

आता एक प्रश्न विचारतो. या दगडावर भाषा किती आहेत? तुम्ही लगेच ‘चार’ म्हणाल. पण थांबा. हिब्रू अक्षरांत लिहिलेल्या मजकुराची भाषा अरबीच आहे! सिसिलीतले यहुदी लोक अरबी बोलत आणि ती आपल्या लिपीत लिहीत. म्हणजे लिपी चार, पण भाषा तीन. तुम्ही एखादे उर्दू वाक्य देवनागरीत लिहिले, म्हणून ते मराठी होत नाही. भाषा वेगळी आणि लिपी वेगळी. व्याकरणाच्या पुस्तकातून हे समजावताना मला बराच वेळ लागतो. हा दगड ते एका नजरेत दाखवतो.

या शिळेवरचे सालही चार प्रकारांनी दिले आहे. आन्नाच्या मृत्यूचे साल लॅटिन मजकुरात ११४८ आहे, तर अरबी मजकुरात ५४३ हिजरी. ग्रीक आणि यहुदी लोक जगाच्या उत्पत्तीपासून वर्षे मोजत, पण ही उत्पत्ती कधी झाली याबद्दल दोघांची समजूत वेगळी होती. म्हणून त्यांचे आकडेही वेगळे येतात. गावात कोणीही आला, तरी त्याला आपल्या अक्षरांत आणि आपल्या सनात हा मजकूर वाचता यावा, अशी त्या मुलाची इच्छा असावी.

हे कसे घडले? इ. स. ८२७ मध्ये अरब फौजा सिसिलीत उतरल्या. ८३१ मध्ये त्यांनी पालेर्मो घेतले. पुढे सुमारे दोनशे चाळीस वर्षे हे शहर मुसलमानांच्या ताब्यात होते. १०७२ मध्ये उत्तरेकडून आलेल्या नॉर्मन लोकांनी ते जिंकले. नॉर्मन हे लढवय्ये होते, पण हिशेब ठेवणारे कारकून, बागा फुलवणारे माळी आणि रेशमाचे कारागीर बहुतेक अरबी बोलणारे होते. नव्या राजांनी त्यांना कामावर ठेवले. रॉजर राजाने आपल्या राजवाड्यात एक प्रार्थनामंदिर बांधून घेतले. ११४० मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्याच्या भिंतींवर ग्रीक पद्धतीची सोनेरी चित्रे आहेत. रंगीत काचेचे बारीक तुकडे जोडून ती केलेली आहेत. मान वर करून पाहिले की लाकडी छत दिसते. मधमाशांच्या पोळ्यासारख्या कोनाड्याखाली कोनाडा अशी त्याची रचना आहे. या रचनेला ‘मुकर्नस’ म्हणतात. छतावर वाद्ये वाजवणारे, बुद्धिबळ खेळणारे लोक, उंट आणि पक्षी रंगवलेले आहेत आणि कडेने कूफी अक्षरांत शुभेच्छा लिहिलेल्या आहेत. खाली चर्च आणि वर बगदाद किंवा काहिराच्या महालातले छत! माझ्या मते पालेर्मोत एकच इमारत पाहायची झाली, तर हीच पाहावी.

याच राजाचा एक झगा आज व्हिएन्ना शहरात जपून ठेवला आहे. तो लाल रेशमाचा आहे. त्यावर सोन्याच्या तारेने मधोमध खजुराचे झाड आणि दोन्ही बाजूंना उंटावर झडप घालणारा सिंह काढला आहे. पुष्कळ लोक त्याला रॉजरच्या ‘राज्याभिषेकाचा झगा’ म्हणत. पण त्याच्या काठावर अरबीत लिहिले आहे की, तो सिसिलीच्या राजधानीत ५२८ हिजरी साली तयार झाला. ५२८ हिजरी म्हणजे इ. स. ११३३-३४. रॉजरचा राज्याभिषेक झाला ११३० मध्ये. मग त्या दिवशी त्याने हा झगा कसा घातला असेल? पुढे दुसऱ्या देशाच्या बादशहांनी आपल्या राज्याभिषेकात तो वापरला, म्हणून ते नाव पडले. काठावरची एक ओळ वाचता आली आणि शेकडो वर्षांची समजूत दुरुस्त झाली.

हा मिलाफ फार काळ टिकला नाही. बाराव्या शतकाच्या शेवटी दंगे झाले. तेराव्या शतकात फ्रेडरिक दुसरा या राजाने बेटावरच्या मुसलमानांना इटलीतील लुचेरा या गावी नेऊन वसवले. माणसे गेली, शब्द राहिले. कालतानिसेत्ता, कालताजिरोने अशी गावांची नावे सिसिलीत आजही आहेत. त्यातले ‘कालता’ म्हणजे अरबी ‘कलआ’, उर्दूतला ‘किला’ आणि मराठीतला ‘किल्ला’. एटना या ज्वालामुखीचे जुने नाव तर फारच गमतीचे आहे. ते नाव ‘मोंजिबेल्लो’. ‘मों’ म्हणजे लॅटिनमध्ये डोंगर आणि ‘जिबेल’ म्हणजे अरबीत डोंगर. म्हणजे त्याचे नाव झाले ‘डोंगर-डोंगर’!

आतापर्यंत पाहिलेल्या वस्तूंवर अक्षरे होती, म्हणून त्या वाचता आल्या. परंतु जमिनीतून निघणाऱ्या बहुतेक वस्तूंवर एकही अक्षर नसते. मग त्या कशा वाचायच्या? याचे उत्तर आहे, त्यांच्या जागेवरून. वस्तू कोठे सापडली, तिच्या वर काय होते, खाली काय होते, शेजारी काय होते, हीच तिची लिपी.

सिराक्यूज शहरातले मोठे चर्च पाहा. त्याच्या भिंतीत जाडजूड दगडी खांब अर्धे बुडालेले दिसतात. इ. स. पूर्वी सुमारे ४८० मध्ये ग्रीकांनी अथेना देवीचे मंदिर बांधले, त्याचे ते खांब आहेत. पुढे ख्रिस्ती लोकांनी खांबांमधल्या मोकळ्या जागा भिंती घालून बुजवल्या आणि मंदिराचे चर्च केले. अरबांच्या काळात तेथे मशीद होती, नंतर पुन्हा चर्च झाले. १६९३ च्या मोठ्या भूकंपानंतर दर्शनी बाजू नवी बांधली. कोणत्याही खांबावर ही हकीकत लिहिलेली नाही. खांब अजून आपल्या जागी आहेत आणि भिंत नंतर आली आहे, एवढ्यावरून ती कळते.

जागेवरून इतिहास कसा कळतो, याचे सर्वांत चांगले उदाहरण बेटाच्या अंतर्भागात आहे. आयदोने या डोंगरावरच्या गावाजवळ १९५५ पासून अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या लोकांनी उत्खनन सुरू केले. उत्खनन म्हणजे जमीन शास्त्रीय पद्धतीने, थराथराने खणणे. तेथे बाजारचौक निघाला, घरे निघाली, नाट्यगृह निघाले. पण शहराचे नाव काय? गावाची पाटी काही सापडली नाही. सापडली ती कांस्याची लहान नाणी. त्यांवर लॅटिन अक्षरांत ‘हिस्पानोरुम’, म्हणजे ‘स्पेनच्या लोकांचे’, असे लिहिले होते. सिसिलीच्या डोंगरात स्पेनचे लोक कोठून आले? लिव्ही या रोमन इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की, रोमनांनी मॉर्गान्तिना नावाचे शहर आपल्या बाजूने लढलेल्या स्पेनच्या सैनिकांना देऊन टाकले. ही घटना इ. स. पूर्वी २११ ची. अशी नाणी याच जागी पुष्कळ सापडत होती. म्हणून हेच मॉर्गान्तिना, असे ठरले. हीच नाणी एखाद्या दुकानात मिळाली असती, तर त्यांनी कोणत्याच गावाचे नाव सांगितले नसते.

आणि नेमके असेच या शहराच्या बाबतीत घडले. रात्रीच्या वेळी चोर येत. धातू शोधण्याचे यंत्र फिरवत, खड्डा खणत, वस्तू काढत आणि परदेशात विकत. येथून निघालेली चांदीची सोळा भांडी न्यूयॉर्कच्या एका मोठ्या संग्रहालयाने विकत घेतली. ती कोठून आली, यावर बरीच वर्षे वाद चालला. मग माल्कम बेल या पुरातत्त्वज्ञांनी मॉर्गान्तिनातले एक घर खणले. तेथे चोरांनी खणलेले खड्डे सापडले आणि त्या मातीत १९७८ सालचे शंभर लिऱ्यांचे एक इटालियन नाणे मिळाले. चोराच्या खिशातून ते पडले असावे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या घराचा काळ ज्या रीतीने ठरवतात, त्याच रीतीने चोरीचा काळही ठरला! नाणे १९७८ चे, म्हणजे खड्डा त्याआधी बुजवलेला असणे शक्य नाही. २०१० मध्ये ती भांडी सिसिलीला परत मिळाली.

वस्तू परत येतात, पण त्यांच्याबरोबर सगळेच परत येत नाही. कॅलिफोर्नियातील गेटी संग्रहालयाने १९८८ मध्ये एका देवीची मूर्ती एक कोटी ऐंशी लाख डॉलरना विकत घेतली. ती दोन मीटरपेक्षा उंच आहे. अंग चुनखडीच्या दगडाचे, चेहरा आणि हात संगमरवराचे. वाऱ्याने अंगाला चिकटलेल्या वस्त्राच्या चुण्या इतक्या हुबेहूब आहेत की, तो दगड आहे हे विसरायला होते. इ. स. पूर्वी पाचव्या शतकाच्या शेवटी ती घडवली गेली. तिची चुनखडी सिसिलीतल्याच खडकाशी जुळली. शेवटी २०११ मध्ये ती आयदोनेच्या वस्तुसंग्रहालयात आली. परंतु ती कोणती देवी आहे? कोणी म्हणतात अफ्रोडायटी, कोणी म्हणतात डिमिटर, कोणी तिची मुलगी पर्सेफनी. ती कोणत्या मंदिरात उभी होती, तिच्याभोवती कोणते दिवे आणि कोणती भांडी होती, हे त्या खड्ड्यातल्या मातीला ठाऊक होते. खड्डा खणणाऱ्यांनी ती माती फेकून दिली. म्हणून तिला आज ‘मॉर्गान्तिनाची देवी’ एवढेच म्हणतात.

याच्या अगदी उलट हकीकत एका दाढीची आहे. गेटी संग्रहालयाने १९८५ मध्ये भाजलेल्या मातीचे एक डोके विकत घेतले होते. ते हेडीसचे, म्हणजे ग्रीकांच्या समजुतीप्रमाणे पाताळाच्या राजाचे. त्याचे केस तांबूस आणि दाढी चक्क निळी आहे. दाढीच्या कुरळ्या बटा एकेक करून वेगळ्या घडवून चिकटवल्या होत्या. त्यांतल्या काही गळून पडल्या होत्या. इकडे सिसिलीत, मॉर्गान्तिनाच्या एका देवस्थानात १९७० च्या दशकात उत्खनन झाले, तेव्हा मातीचे काही कुरळे तुकडे सापडले होते. ते कशाचे, हे कोणालाच कळले नव्हते. तरीही कोणी ते फेकून दिले नाहीत. जागा लिहून ते जपून ठेवले. पुष्कळ वर्षांनी सेरेना राफियोत्ता या सिसिलीच्या संशोधिकेने त्यांतली एक निळी बट पाहिली आणि तिला अमेरिकेतल्या त्या डोक्याचे चित्र आठवले. तुलना झाली. असे चार तुकडे जुळले. रंग तोच, वळण तेच. हे डोके मॉर्गान्तिनाचेच आहे, असे गेटी संग्रहालयानेही २०१३ मध्ये मान्य केले आणि २०१६ मध्ये ते सिसिलीला परत आले. आज आयदोनेच्या वस्तुसंग्रहालयात ते पाहायला मिळते. दाढीचा निळा रंग अजून दिसतो.