गुरुत्वीय भिंग : हौशी तर्क आणि विज्ञानाची कसोटी

प्रस्तावना

भौतिकशास्त्राचे औपचारिक शिक्षण न घेतलेली एखादी व्यक्ती प्रकाश किंवा कृष्णविवर यांविषयी स्वतःचा सिद्धांत घेऊन महाविद्यालयात येते, हा अनुभव अनेक प्राध्यापकांना परिचित असेल. अशा वेळी एकतर उपेक्षा केली जाते किंवा केवळ उत्साहाचे कौतुक करून विषय संपविला जातो. या दोन्ही प्रतिसादांत मूळ कल्पनेची तपासणी मात्र राहून जाते. ती कशी करता येते, हे १९३६ मधील एका घटनेच्या आधारे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

मांडल यांची कल्पना

मूळचे चेक असलेले रुडी मांडल हे अमेरिकेतील एक हौशी अभियंता होते. वॉशिंग्टन येथील 'सायन्स सर्व्हिस' या संस्थेच्या साहाय्याने ते एप्रिल १९३६ मध्ये प्रिन्स्टन येथे अल्बर्ट आइन्स्टाइन यांना भेटले. त्यांच्या प्रतिपादनाचे तीन भाग करता येतात. एक, ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण त्याच्या मागील ताऱ्याचा प्रकाश भिंगाप्रमाणे केंद्रित करील. दोन, आकाशातील कंकणाकृती तेजोमेघ या अशाच प्रतिमा असाव्यात. तीन, असा केंद्रित प्रकाश पृथ्वीवर पडल्याने सजीवांत आकस्मिक बदल होऊन डायनोसॉरसारखे प्राणी नष्ट झाले असावेत.

यांपैकी पहिला भाग गणिताने तपासण्याजोगा होता. सूर्याच्या कडेजवळून जाणारा प्रकाशकिरण १.७५ विकला वळतो (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), हे सामान्य सापेक्षतावादाचे भाकीत होते आणि १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणातील निरीक्षणांनी त्यास पुष्टी दिली होती. काचेच्या बहिर्वक्र भिंगात कडेचा किरण अधिक वळतो. गुरुत्वीय भिंगात याउलट घडते. वस्तुमानाच्या जवळून जाणारा किरण अधिक वळतो. त्यामुळे येथे एकच नाभिबिंदू नसतो. दोन तारे व निरीक्षक अचूक एका रेषेत असल्यास मागील तारा कड्यासारखा दिसतो, रेषा किंचित ढळल्यास त्याच्या दोन प्रतिमा उमटतात आणि एकूण तेजस्विता वाढते.

आइन्स्टाइन यांचा निर्णय

आइन्स्टाइन यांनी हे गणित डिसेंबर १९३६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि ते मांडल यांच्या आग्रहावरून केल्याचे लेखातच नमूद केले. तेजोमेघ व सजीव यांविषयीचे तर्क त्यांनी त्यात घेतले नाहीत. ताऱ्यांची अशी अचूक रचना अत्यंत दुर्मीळ असल्याने आणि प्रतिमांतील अंतर दुर्बिणीच्या क्षमतेपलीकडचे असल्याने हा परिणाम दिसण्याची फारशी शक्यता नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. संपादकांना लिहिलेल्या पत्रातही त्यांनी या लेखास विशेष महत्त्व दिले नाही. वस्तुतः हेच गणित त्यांच्या १९१२ च्या टिपणवहीत आढळते आणि ख्वोल्सन यांनी १९२४ मध्ये अशा प्रतिमांविषयी एक लहान टिपण प्रसिद्ध केले होते. म्हणजे कल्पनेचे प्राथम्य मांडल यांचे नव्हते.

तथापि त्यांचा पाठपुरावा निष्फळ ठरला नाही. त्यांनी ही कल्पना झ्वोरिकिन यांनाही सांगितली होती आणि झ्वोरिकिन यांच्याकडून ती फ्रिट्झ झ्विकी यांच्यापर्यंत पोहोचली. झ्विकी यांनी १९३७ मध्ये ताऱ्याऐवजी संपूर्ण दीर्घिका भिंग म्हणून विचारात घेतली. प्रतिमांतील कोनीय अंतर वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत असल्याने असे भिंग दिसू शकेल, असे त्यांनी दाखविले. १९७९ मध्ये वॉल्श, कार्सवेल व वेमन यांना एकाच क्वासारच्या दोन प्रतिमा आढळल्या आणि हे अनुमान खरे ठरले.

कृष्णविवराचा शोध

एकट्या ताऱ्याचे भिंगही पुढे हाती लागले. प्रतिमा वेगळ्या दिसल्या नाहीत तरी तेजस्वितेतील तात्पुरती वाढ मोजता येईल, या पाचिन्स्की यांच्या १९८६ च्या सूचनेनुसार लक्षावधी ताऱ्यांचे निरीक्षण सुरू झाले आणि १९९३ मध्ये पहिल्या घटना जाहीर झाल्या. भिंगासाठी केवळ वस्तुमान लागते, प्रकाश नव्हे. म्हणूनच एकाकी कृष्णविवर शोधण्यास हा मार्ग उपयुक्त ठरतो. २०११ मधील अशाच एका घटनेत मागील ताऱ्याचे सूक्ष्म स्थानांतर हबल दुर्बिणीने अनेक वर्षे मोजले गेले. २०२२ मध्ये साहू व सहकाऱ्यांनी भिंगाचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे सातपट असल्याचे मांडले. दुसऱ्या गटाचा प्रारंभीचा अंदाज बराच कमी होता आणि त्यानुसार ती वस्तू न्यूट्रॉन ताराही असू शकली असती. पुढील विश्लेषणांत मात्र कृष्णविवराच्या बाजूने मतैक्य झाले.

समारोप

मांडल यांच्या तीन तर्कांपैकी एकच टिकला, तर आइन्स्टाइन यांचे गणित टिकले पण निरीक्षणाच्या शक्यतेविषयीचे अनुमान टिकले नाही. दोघांनाही कसोटी एकच लागली. त्यामुळे असा सिद्धांत समोर आल्यास तीन प्रश्न विचारणे उचित ठरेल : यातील कोणता भाग गणिताने मांडता येतो, कोणत्या निरीक्षणाने तो खोटा ठरेल आणि तो पूर्वी कोणी मांडला आहे काय? या प्रश्नांसाठी अध्यापकाचा काही वेळ खर्ची पडेल हे खरे. परंतु विद्यार्थ्यांना विज्ञानाची कार्यपद्धती प्रत्यक्ष दाखविण्याची ती उत्तम संधी आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या 'स्पेस वॉर्प्स' या उपक्रमात हजारो हौशी स्वयंसेवकांनी दुर्बिणीतील चित्रांमधून नवी गुरुत्वीय भिंगे शोधण्यास साहाय्य केले. पुण्यातील 'आयुका' येथे संशोधन केलेल्या अनुप्रीता मोरे या त्याच्या प्रमुखांपैकी एक होत्या. हौशी जिज्ञासेला शिस्तीची जोड मिळाल्यास काय साधते, हे त्यातून स्पष्ट होते.