लवकर वाळण्याची किंमत

चीनमधल्या सुझौ शहरात विनटेक या तैवानी कंपनीच्या कारखान्यात मोबाइलचे टचस्क्रीन बनत. काच कापडाने पुसून लख्ख करायची, हे तिथल्या शेकडो तरुण कामगारांचं काम. त्यासाठी आधी अल्कोहोल वापरत. २००९च्या सुमारास त्याजागी एन-हेक्झेन हे द्रावक आलं. ते झटकन उडून जातं, म्हणजे तेवढ्याच वेळात जास्त काचा हातावेगळ्या होतात. पण त्याची वाफ बाहेर जायला खोलीत पुरेशी सोय नव्हती. काही महिन्यांतच हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, पाय लटपटू लागले, अनेकांना इस्पितळात ठेवावं लागलं. विनटेककडून माल घेणाऱ्या ॲपलने २०११मध्ये बाधितांचा आकडा जाहीर केला : १३७.

श्वासातून आत गेलेल्या हेक्झेनचं यकृतात २,५-हेक्झेनडायोन होतं. खरं विष हे. मज्जातंतूच्या आतले प्रथिनांचे धागे ते एकमेकांना चिकटवतं. मग तंतू जागोजागी फुगतो आणि आतली वाहतूक तुंबते. सर्वांत लांब तंतूंना पहिला फटका बसतो, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. मग चप्पल पायातून निसटते, शर्टाचं बटण लावता येत नाही.

काम सोडल्यावरही दुखणं काही आठवडे, कधी काही महिने वाढतच जातं. उतारा नाही. तंतू पुन्हा वाढतात, पण दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर.

यात नवीन काही नव्हतं, हेच संतापजनक आहे. जपानमध्ये चपला चिकटवणाऱ्या कामगारांत हा आजार १९६०च्या दशकातच आढळला होता. आपल्याकडे दिल्लीतल्या स्क्रीन प्रिंटिंग कामगारांमध्येही डॉक्टरांनी त्याची नोंद केली आहे. तरी अमेरिकेत आठ तासांच्या पाळीसाठी हवेतल्या हेक्झेनची कायदेशीर मर्यादा ५०० पीपीएम आहे आणि तिथल्याच सरकारी संशोधन संस्थेची शिफारस ५० पीपीएमची. दहापट फरक!

मुंग्या म्हटलं की आपल्याकडे साखर तपासतात, बी-१२च्या गोळ्या देतात. ते चूक नाही, पण अपुरं आहे. हेक्झेन असू शकेल असं चपला-बॅगांचं सोल्युशन, थिनर, छपाईची शाई किंवा यंत्र पुसायचं द्रावण हाताळणाऱ्यांनी डब्यावरच्या लेबलचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवावा आणि तपासणी होईपर्यंत त्या कामापासून दूर राहावं. डॉक्टरांनीही ‘काम काय करता?’ हे आधी विचारावं.