कालव्याचे पाणी आणि ताप

कोरड्या प्रदेशात कालव्याचे पाणी आले की पिके येतात. परंतु योग्य काळजी न घेतल्यास त्याच पाण्याबरोबर रोगही येतात. हा दुसरा परिणाम कसा घडतो व तो टाळता कसा येतो, हे येथे पाहावयाचे आहे.

झाशीच्या ईशान्येस परीछा येथे बेतवा नदीवर बांध घालून काढलेला कालवा 1880 ते 1890 या दशकात तयार झाला. दुष्काळाने वारंवार गांजलेल्या बुंदेलखंडास तो मोठाच आधार होता. त्याच दशकात, पृथ्वीच्या दुसऱ्या अंगास, एक फ्रेंच कंपनी पनामा येथे जहाजांसाठी कालवा खोदीत होती. 1881 मध्ये आरंभलेले ते काम 1889 मध्ये बंद पडले. तोवर अंदाजे 20,000 माणसे मृत्युमुखी पडली होती. त्यांतील बहुतेक पीतज्वर, हिवताप अशा रोगांनी. तेथील इस्पितळांत मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवीत. त्याच भांड्यांत डास वाढत. ताप दूषित हवेने येतो, अशी त्या काळी सर्वत्र समजूत होती.

तथापि भारतात या प्रश्नाचा शोध त्यापूर्वीच सुरू झाला होता. यमुनेच्या कालव्यांकाठी ताप का बळावतो, याची चौकशी करणाऱ्या समितीने 1847 मध्ये अहवाल सादर केला. वारंवार हिवताप आलेल्या माणसाची प्लीहा वाढते. म्हणून समितीचे सभासद सर्जन डेम्पस्टर यांनी गावोगावी लोकांची पोटे चाचपून वाढलेल्या प्लीहांची गणती केली. जेथे जमीन चिकण असून पाण्याचा निचरा खुंटला होता, तेथे असे रोगी अधिक आढळले. डासाचा अपराध सिद्ध होण्यापूर्वी पन्नास वर्षे, साचलेल्या पाण्याकडे बोट दाखविले गेले होते.

1897 मध्ये रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबाद येथे डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू सापडले. पीतज्वर डासांमुळे पसरतो, हे क्यूबातील डॉक्टर फिनले यांचे 1881 मधील मत 1900 मध्ये वॉल्टर रीड यांच्या मंडळाने सिद्ध केले. या ज्ञानाचा उपयोग पनामा येथे 1904 पासून अमेरिकनांनी हाती घेतलेल्या कामात झाला. आरोग्याधिकारी गॉर्गस यांनी पीतज्वराच्या डासासाठी शहरांत घरोघरी धुरी दिली, पाण्याची भांडी झाकविली व नळ आणविले. हिवतापाच्या डासासाठी कालव्याच्या बाजूचे गवत कापविले, चर खणून डबकी आटविली आणि जी आटेनात त्यांवर तेल पसरविले. अळ्या पृष्ठभागाशी येऊन श्वास घेतात. तेलाच्या पातळ थराने त्या गुदमरतात. शिवाय दारेखिडक्यांस जाळी व मजुरांस क्विनीन देण्यात आले.

1906 नंतर तेथे पीतज्वर उरला नाही. त्या वर्षी 26,000 हून अधिक कामगारांपैकी 21,000 हून अधिकांना हिवतापामुळे इस्पितळात जावे लागले होते. 1912 मध्ये 50,000 हून अधिकांपैकी सुमारे 5,600 जणांनाच जावे लागले. 1914 मध्ये कालवा खुला झाला. परंतु हा लाभ सर्वांस सारखा मिळाला नाही. वेस्ट इंडीजहून आलेले कृष्णवर्णीय मजूर बहुधा जाळी नसलेल्या घरांत राहत, आणि त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा बरेच अधिक होते.

आपल्या ग्रामीण भागात हिवताप पसरविणारा प्रमुख डास, अ‍ॅनॉफिलिस क्युलिसिफेसिस, कालव्याच्या झिरपणीत, भरावासाठी माती काढलेल्या खड्ड्यांत आणि पाणी बंद केल्यावर पात्रात उरलेल्या डबक्यांत अंडी घालतो. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात. त्यापूर्वी पाणी वाहते केले किंवा आटविले, तर ती पिढीच नष्ट होते. म्हणून खड्डे बुजविणे, गळती थांबविणे, निचऱ्याचे चर काढणे व मजुरांस सुरक्षित निवारा देणे यांचा खर्च कालव्याच्या अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरला पाहिजे. तो वगळल्यास कालवा स्वस्त होत नाही. त्याची किंमत काठावरच्या गावांना तापाने चुकवावी लागते.